चार चिंचोके आणि पन्नास टक्के

दिवाळीची सुट्टी संपली की दहावीला पाचवं प्रकरण येतं, संभाव्यता. चौथं अर्थनियोजन. जीएसटी आणि शेअर्सची दलाली करून पोरं पार कंटाळलेली असतात, त्यामुळे पाचवं म्हटलं की वर्ग सैल होतो. नाणी, फासे, पत्ते. सूत्र एकच, एन-ए भागिले एन-एस, म्हणजे हवे ते प्रकार भागिले सगळे प्रकार, आणि दोन्ही आकडे बोटावर मोजता येतात. वर्गसमीकरण पाहिलं की ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांनाही इथे गुण मिळतात. मीसुद्धा पहिली बारा-तेरा वर्षं हे प्रकरण असंच उरकलं. नमुना अवकाश (सगळ्या शक्यतांची यादी) लिहा, घटना लिहा, मोजा, भागा. झालं.

मग एका नोव्हेंबरात मागच्या बाकावरच्या पोरानं हात वर केला. बाहेर आभाळ आलं होतं. आमचं गाव तासगावच्या बाजूचं, जिकडे बघाल तिकडे द्राक्षं. ऑक्टोबर छाटणी होऊन बागा फुलोऱ्यात होत्या, आणि अशात पाऊस म्हणजे दावण्या, द्राक्षावरचा बुरशीरोग. अर्ध्या वर्गाचं लक्ष खिडकीकडेच होतं.

“बाई, उद्या पाऊस पडायची संभाव्यता काढू?”

“काढ की.”

फळ्यापाशी आला. महिरपी कंस काढला आणि आत लिहिलं: पडेल, पडणार नाही. एन-एस बरोबर २. घटना ए, पाऊस पडणे. एन-ए बरोबर १. उत्तर एक छेद दोन. खाली दोन रेघा मारल्या, खडू ठेवला, हात झटकले.

पायऱ्या सगळ्या जागच्या जागी. बोर्डाच्या पेपरात असं उत्तर आलं असतं तर गुण नेमके कुठे कापायचे हे मला सांगता आलं नसतं. मी म्हटलं, “तसं नसतं रे.” तो म्हणाला, “मग कसं असतं?” आणि तेवढ्यात घंटा झाली. घंटेचे आभार मी नोकरीत फार वेळा मानलेले नाहीत. त्या दिवशी मानले.

घरी येऊन पुस्तक उघडलं. उत्तर तिथे होतंच. ‘समसंभाव्य निष्पत्ती’. हा शब्द मी दर वर्षी वाचून दाखवते, व्याख्या लिहून देते, एका गुणाला येईल म्हणून खाली रेघ मारायला लावते आणि पुढे जाते. प्रत्येक निष्पत्ती मिळण्याची शक्यता सारखीच असेल तरच हे मोजून भागणं चालतं. सगळं सूत्र त्या एका अटीवर उभं, आणि मी ती अट व्याख्या म्हणून पाठ करून घेत होते. नवरदेवाला मांडवाबाहेर ठेवून पंगती उठवाव्यात तसं.

दुसऱ्या दिवशी (पाऊस पडला नव्हता, आणि हे त्यानं मला आठवणीनं सांगितलं) मी त्याला उभं केलं.

“पप्पा रोज फवारणी करतात?”

“रोज कशाला बाई? औषध काय फुकट मिळतंय व्हय? आभाळ बघून करत्यात.”

“पण पाऊस पडेल नाहीतर पडणार नाही. दोनच गोष्टी. म्हणजे ऊन कडकडीत असलं तरी पन्नास टक्के, आभाळ भरून आलं तरी पन्नास टक्के. मग रोजच मारायला पाहिजे ना?”

तो हसला. “तसं न्हाय. आभाळ आलं की जास्त.”

“मग कालचं एक छेद दोन कुठं गेलं?”

जरा वेळ गेला. फळ्याकडे बघत म्हणाला, “दोन्ही सारखी न्हाईत बाई. पडंल आणि न्हाई पडणार, सारखी न्हाईत.”

एवढंच मला फळ्यावर लिहायचं होतं, ते त्यानं तोंडानं म्हटलं. तेव्हापासून हे प्रकरण मी उलटं शिकवते. सूत्र शेवटी. आधी प्रत्येक गोष्टीला विचारायचं, तुम्ही सगळे सारखे आहात का?

नाण्यांपासून सुरुवात. पूर्वी “नाणं काढा” म्हटलं की दप्तरं खळखळायची. गेल्या वर्षी ३८ जणांत सहाजणांकडे नाणं निघालं. वडापावच्या गाड्यावरसुद्धा स्कॅनर लटकतोय, चिल्लर ठेवणार कोण? म्हणून मी घरूनच डबा भरून नेते, पाच रुपयांची पिवळी आणि रुपयाची स्टीलची. पहिलं भांडण छापा कोणता यावर. निम्म्यांना आकडा म्हणजे छापा वाटतो, कारण छापलेला असतो! सिंह म्हणजे छापा, हे मिटवायला पाच मिनिटं जातात. जाऊ देते.

खरं भांडण पुढे. दोन नाणी एकदम उडवली तर किती प्रकारे पडतील? पुस्तक वाचलेली पोरं लगेच चार म्हणतात, कारण उदाहरणात चार लिहिलंय. गेल्या वर्षी पहिल्या बाकावरची एक मुलगी ऐकेचना.

“तीनच होतात बाई. दोन्ही छापा, दोन्ही काटा, नाहीतर एकेक. चौथा कुठून आणलात?”

तिचं म्हणणं सोडून द्यावं असं अजिबात नव्हतं. डोळ्यांना दिसतात ते तीनच. मी म्हटलं, तीन तर तीन. मग तिन्ही सारख्या वेळा पडायला पाहिजेत. उडवू या. जोड्या पाडल्या, एकूण १८० वेळा नाणी उडवली. दोन्ही छापा ४१, दोन्ही काटा ४५, एकेक ९४. तिनं आकडे पाहिले, स्वतः परत बेरीज केली, आणि मग तिला मी दोन नाणी दिली, एक पिवळं, एक पांढरं. पिवळ्यावर छापा आणि पांढऱ्यावर काटा हे एक. पिवळ्यावर काटा, पांढऱ्यावर छापा हे दुसरं. “एकेक” या एका नावाखाली दोघं लपलेले होते.

तरी तिचं समाधान नाही. “इथं रंग वेगळे आहेत म्हणून. दोन्ही पिवळीच असली तर?”

हा प्रश्न मला वीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी तिला म्हटलं, दोन्ही पिवळी घे आणि एकावर नेलपॉलिशचा बारीक ठिपका दे. ठिपका दिल्यावर नाणी वेगळी पडायला लागतील का? ती बराच वेळ गप्प. मग, “नाही. आपल्याला ओळखू येतील एवढंच.” बरोबर. नाण्याला काय ठाऊक आपण त्याला ओळखतो की नाही.

तिला मी अठराव्या शतकातल्या द’आलांबेरची गोष्ट सांगितली. फ्रान्सचा नावाजलेला गणिती. १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात त्यानं छापा-काट्यावर लेख लिहिला आणि दोन फेकींत निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता दोन छेद तीन आहे असं मांडलं. त्याचा तर्क असा: पहिल्यांदाच छापा पडला तर खेळ तिथंच संपला. नाहीतर काटा मग छापा, किंवा काटा मग काटा. झाले तीन प्रकार, त्यातले दोन आपले. खरं उत्तर तीन छेद चार. तिघांपैकी पहिला प्रकार बाकीच्या दोघांच्या दुप्पट जाडजूड आहे, हे त्यानं धरलं नाही. एवढा मोठा माणूस ज्या खड्ड्यात पडला त्याच खड्ड्याच्या काठावर आपण उभे होतो म्हटल्यावर मुलगी खूश. चूक मोठ्या माणसाच्या जोडीनं झाली की पोरांना फार बरं वाटतं, हे माझं निरीक्षण आहे.

पत्त्यांविषयी लवकर सांगून टाकते. कॅट शाळेत नेला तेव्हा मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं, “बाई, शाळेत पत्ते?” मी पुस्तकातलं पान दाखवलं. मुलींपैकी बऱ्याच जणींनी पत्ते हातात धरलेले नसतात. घरात माळ असते, पत्ता चालत नाही. त्यांना इस्पिक आणि किलवर वेगळे कळायलाच एक तास जातो. मुलांना सगळं येतं, कुठून येतं ते विचारायचं नाही. एक्का चित्रयुक्त पत्त्यांत धरायचा नाही, चित्रयुक्त पत्ते बाराच, एवढं घोकून घेतलं की हे प्रकरण पुढे सरकतं. पत्ते चांगले पिसले तर समसंभाव्य. पोरं म्हणतात, “चांगले पिसले तर!” आणि एकमेकांकडे बघतात. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आता चिंचोके.

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही आजीकडे असायचो. दुपारी सोप्यातल्या शहाबादी फरशीवर कोळशानं पाच बाय पाचचा पट आखायचा, घरांमध्ये फुल्या मारायच्या आणि चल्लस-आठ मांडायचं. फासे नाहीत. चार चिंचोके. पायरीच्या दगडावर एका बाजूनं घासायचे, वरची तपकिरी साल जाऊन आतलं पांढरं दिसेपर्यंत. घासताना चिंचोका इतका तापतो की बोट भाजतं, पोरं तो मुद्दाम एकमेकांच्या दंडाला लावायची. मग चारही मुठीत घ्यायचे, खुळखुळवायचे, टाकायचे. पांढरी बाजू वर म्हणजे उताणा, तपकिरी वर म्हणजे पालथा. जितके उताणे तितकी घरं चालायचं. चारही उताणे म्हणजे चल्लस, चार घरं. चारही पालथे म्हणजे आठ. चल्लस किंवा आठ पडलं की डाव पुन्हा आपलाच.

आजीचे चिंचोके वेगळे. कुंकवाच्या जुन्या करंड्यात ठेवलेले, चारच, वापरून वापरून गुळगुळीत झालेले. त्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि ती सारखी म्हणायची, “चल्लस मागू नगं गं. आठ माग. देव आठ देतो.” तिला आठ पडायचंही. आम्हाला वाटायचं आजीचं देवाशी काहीतरी साटंलोटं आहे.

चार वर्षांपूर्वी हे डोक्यात आलं आणि वर्गाला सांगितलं, उद्या येताना चिंचोके आणा. मोबाईलवर लुडो खेळणारी पोरं, निम्म्यांनी आजीला विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेची पुढची पायरी पांढऱ्या ओरखड्यांनी भरली. शिपाईमामा माझ्यावरच चिडले.

आधी हिशेब. चार चिंचोके, प्रत्येकाचे दोन प्रकार, म्हणजे सोळा निष्पत्ती. सगळ्या लिहायला लावल्या. चारही पालथे, एक प्रकार. एक उताणा, चार प्रकार. दोन उताणे, सहा. तीन, चार. चारही, एक. म्हणजे चल्लसची संभाव्यता एक छेद सोळा आणि आठचीही एक छेद सोळा. वर्गाचे आठ गट, प्रत्येकानं ५० वेळा टाकायचे, म्हणजे ४०० डाव. हिशेबानं यायला पाहिजे: आठ २५ वेळा, एक १०० वेळा, दोन १५० वेळा, तीन १०० वेळा, चल्लस २५ वेळा. हे फळ्यावर एका कडेला लिहून ठेवलं. ती माझी चूक झाली, पुढे सांगते.

वर्गात सगळीकडे खुळखुळाट. ताळ्याच्या खुणा, चार उभ्या आणि एक आडवी. पहिल्या पंधरा मिनिटांत एका गटानं वही आणून दिली. आठ ३, एक १३, दोन १८, तीन १३, चल्लस ३. मी म्हटलं, एवढं गोंडस कसं आलं? चौघंही जमिनीकडे बघायला लागले. फळ्यावरच्या आकड्यांना आठनं भागून त्यांनी खुणा मारल्या होत्या. त्यांच्यावर रागवायला तोंड नव्हतं, कारण प्रयोगवहीत उत्तर आधी लिहून निरीक्षणं मागून भरायची, ही रीत त्यांनी शाळेतच पाहिलेली. फळ्यावरचे आकडे मी पुसले आणि त्यांना म्हटलं, परत टाका. उत्तर चुकलं तरी चालेल, खूण चुकता कामा नये.

तोवर बाकीच्या गटांतून तक्रारी. “बाई, चल्लस पडतच न्हाई.” “बाई, आमचं आठच पडतंय सारखं.” एका गटाला पन्नास डावांत एकही चल्लस नाही. घंटेला सगळ्यांची बेरीज फळ्यावर मांडली.

आठ ५४. एक १३५. दोन १४१. तीन ६०. चल्लस १०.

वर्ग शांत. हिशेबात जे दोन जुळे भाऊ होते, पंचवीस आणि पंचवीस, ते असे पडले होते, ५४ आणि १०. पहिली प्रतिक्रिया काय असेल? “बाई, आमचं चुकलं.” सगळ्यांची एकच. गणित चुकत नाही, आपण चुकतो, हे इतकं खोल मुरलंय. मी म्हटलं, तुम्ही चारशे वेळा टाकून मोजलंय, तुमचं कसं चुकेल? हिशेबात आपण काय गृहीत धरलं ते बघा.

तो पाऊसवाला पोरगा आता या वर्गात नव्हता, तो पास होऊन गेला होता. पण त्याच बाकावरून आवाज आला. “उताणा आणि पालथा, सारखे न्हाईत.”

मग चिंचोके हातात घेऊन बघणं सुरू झालं. घासलेली बाजू सपाट, दुसरी फुगीर. सपाट बाजू फरशीला बसते, फुगीर बाजूवर चिंचोका डुलत राहतो आणि कलंडतो. एकानं एकच चिंचोका घेऊन पन्नास वेळा टाकला. सगळे एकूण उताणे किती ते मोजू या म्हटलं. एकाचे १३५, दोनाचे २८२, तीनाचे १८०, चल्लसचे ४०. बेरीज ६३७. एकूण चिंचोके पडले चारशे गुणिले चार, १६००. भागाकार जवळजवळ ०.४. म्हणजे एक चिंचोका टाकला तर दहातून चारदा उताणा, सहादा पालथा.

इथून पुढचं दहावीला नाही. गुणाकाराचा नियम अकरावीचा. पण पोरं एवढी पेटली होती की मी थांबले नाही. दहातून चारदा उताणा, त्यातलेही दहातून चारदा दुसरा उताणा, असं चारदा. ०.४ चा चौथा घात, ०.०२५६. चारशे डावांत दहा वेळा. फळ्यावर होतं, १०! आणि चारही पालथे? ०.६ चा चौथा घात, ०.१२९६, चारशे डावांत जवळजवळ ५२. फळ्यावर ५४. एका पोरीनं टाळी वाजवली. टाळी वाजवावी असं गणिताच्या तासाला क्वचित घडतं, मला तर ते दुसऱ्यांदाच आठवतं.

तेवढ्यात मागून कुणीतरी, “म्हणजे बाई, जास्त घासला की जास्त पालथा पडंल?”

आणि मला आजीचा करंडा आठवला. ते चार चिंचोके, निम्मे झिजलेले. देव आठ देतो! मी वर्गासमोर एकटीच हसत सुटले. आजी शाळेत गेलेली नव्हती. तिनं मुद्दाम घासले होते की वापरून झिजले होते, हे आता कुणाला विचारणार. पण आमच्या चिंचोक्यांना हात लावू द्यायची नाही असं नव्हतं, तिच्याच चिंचोक्यांना लावू द्यायची नाही, हे आता वेगळं दिसतं.

त्या आठवड्यात पोर्शन एक तासानं मागे पडला. मुख्याध्यापकांना सांगितलं, प्रात्यक्षिक घेतलं. ते काही बोलले नाहीत. पायरीबद्दल मात्र बोलले.

फळांनी खेळायची गोष्ट निघालीच आहे तर ऑफ तासाला नल-दमयंतीची सांगते. पोरांना नळ जुगारात राज्य हरला एवढंच ठाऊक असतं. पुढचा भाग मला जास्त आवडतो. बाहुक नावाचा सारथी होऊन नळ अयोध्येच्या ऋतुपर्णाला विदर्भात, कुंडिनपुराला घेऊन निघालाय. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. बेहडा, त्रिफळा चूर्णातला. जुन्या काळी याच फळांचे फासे. ऋतुपर्ण रथातूनच झाडाकडे बघतो आणि दोन फांद्यांवर फळं किती ते सांगतो, दोन हजार पंचाण्णव. नळ म्हणतो, मोजल्याशिवाय मी मानणार नाही. राजा म्हणतो, उशीर होतोय. नळ ऐकत नाही. रथ थांबवतो, झाड तोडतो आणि फळं मोजतो. आकडा बरोबर निघतो. मग सौदा ठरतो, राजानं अक्षहृदय म्हणजे फाशांची विद्या द्यायची, नळानं घोड्यांची. ती विद्या मिळाल्यावरच कली त्याच्या अंगातून बाहेर पडतो आणि त्या बेहड्यात शिरतो.

वनपर्वातली ही गोष्ट सांगताना माझं मन राजाच्या अंदाजापेक्षा नळाच्या हट्टावर जास्त असतं. जुगारात सगळं घालवलेला माणूस, घाई असताना, रथातून उतरून फळं मोजतो. पोरांचं लक्ष अर्थात दुसरीकडे. “बाई, झाड कशाला तोडलं? वर चढून मोजायची की.” त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

लुडोबद्दल दर वर्षी तेच. “सहा पडतच न्हाई, ॲपवाले फसवत्यात.” किंवा उलट, “पाचदा पडला न्हाई, आता पडायलाच पाहिजे.” फाशाला आठवण नसते, हे शंभर वेळा सांगून पटत नाही. सहा वेळा टाकून एकदाही सहा न पडणं हे जवळजवळ तीनातून एकदा घडतंच, हे फासे टाकून बघितलं की जरा पटतं. जरासंच. परवा एक पोरगा वहीत बरोबर सोडवून, वर मला म्हणाला, “तरीपण बाई, पडायलाच पाहिजे होता.” मोठी माणसं लॉटरीच्या दुकानात हेच बोलतात, पोरानं म्हटलं तर काय बिघडलं.

‘यादृच्छिक’ हा शब्द मात्र कुणाला उच्चारताच येत नाही. यादृश्चिक, यादुच्छिक, एकानं तर ‘यादवछिक’ लिहिलं. अर्थ सांगायला मी खूप खटपट करायचे. तो अर्थ एका बेदाणेवाल्याच्या मुलीनं एका वाक्यात सांगितला. तिचे वडील माल घेऊन तासगावच्या सौद्याला जातात. ती म्हणाली, “व्यापारी वरचा बेदाणा बघत नाही बाई. हात तळापर्यंत घालतो. कारण वरचा आपण चांगलाच ठेवलेला असतो.” सगळा वर्ग हसला, कारण सगळ्यांच्या घरी वरचा चांगलाच ठेवलेला असतो. तेव्हापासून प्रत्येक दाण्याला हातात यायची सारखी संधी म्हणजे काय, हे सांगताना मी पेटीच दाखवते. पुस्तकातल्या पिशवीतल्या लाल-निळ्या चेंडूंपेक्षा ही पेटी त्यांच्या हातातली आहे. चेंडूंची पिशवी कुणी पाहिलीय? मीही पाहिलेली नाही.

यंदाच्या सराव परीक्षेतलं सांगते आणि थांबते. प्रश्न नेहमीचाच, एक फासा टाकला असता वरच्या पृष्ठभागावर मूळ संख्या मिळण्याची संभाव्यता काढा. दोन, तीन, पाच. तीन छेद सहा, एक छेद दोन. एका पेपरात पहिल्याच ओळीवर मी अडखळले. त्यानं लिहिलं होतं, ‘फासा घासलेला नाही असे मानू.’ मग पुढे सगळं व्यवस्थित. मी त्या ओळीखाली लाल रेघ मारली, शेजारी बरोबरची खूण केली आणि पूर्ण गुण दिले.

दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन तो टेबलापाशी आला. त्याला लाल रेघ तेवढी दिसली होती.

“बाई, ही ओळ चुकली का?”

“नाही. बरोबर आहे.”

“मग त्याला गुण किती?”

मी तपासणीची योजना डोळ्यांसमोर आणली. नमुना अवकाशाला अर्धा, घटनेला अर्धा, सूत्राला अर्धा, उत्तराला अर्धा. “गुण नाहीत त्याला.”

तो विचारात पडला. “मग बोर्डाला लिहू नको का?”

“दोन तासांचा पेपर आहे,” मी म्हटलं. “वेळ उरला तर लिही.”